अर्धी सांगितलेली भेग

॥ श्री ॥

ढाकेवस्ती, पो. खर्डा, ता. जामखेड
१२ जानेवारी १९७३

चि. सूर्यभान यास, गोजराक्काचा आशीर्वाद.

आशीर्वाद रीत म्हणून लिहिला आहे, मनातून अजून निघालेला नाही. संक्रांत तोंडावर आली तरी तुला तिळगूळ पाठवणार नाही, कारण गोड बोलायची माझी तयारी नाही. दिवाळीला आलास तेव्हा गुमान भाकरी खाऊन गेला असतास तर तुझं काय बिघडलं असतं? पण नाही. ओट्यावर पाय सोडून बसलास, गावातली दहा टाळकी गोळा केलीस आणि सांगत सुटलास की आमी गुजरातेत तेलाच्या विहिरी खणतो, जमिनीच्या पोटात खडकाला भेग पडते, एक बाजू खाली सरकते आणि त्या भेगेपाशी तेल अडून बसतं. एवढं बोललास, तेवढ्यात फाट्यावर यष्टीचा हॉर्न वाजला आणि पिशवी उचलून पळालास. पुढचं तुझ्या पोटात राहिलं आणि निस्तरायचं माझ्या कपाळी आलं.

यंदाचा पाऊस कसा झाला ते तुला सांगायला नको. तुझे दाजी बैलगाडी घेऊन राहात्याकडं कारखान्याचा ऊस ओढायला गेलेत, ते पाडव्याशिवाय येत नाहीत. मागं मी, श्रीमंत भावजी आणि जाऊबाई लंका. आमची विहीर दोघा भावांत सामाईक आहे, चार दिवस आमची पाळी, चार दिवस त्यांची. वस्तीवरच्या बाकी विहिरींत आता घागर बुडत नाही, आमच्या विहिरीत मात्र अजून पुरुषभर पाणी उभं आहे. आमची दोन्ही घरं, जनावरं, सगळं त्याच्यावर तगलं आहे. आपली लेक मनकर्णा खालच्या वस्तीवरून तान्ह्या लेकराला पाठीशी बांधून माझ्या पाळीला घागर भरायला येते. सासरी सांगून येत नाही, पण येते.

पाणी खाली गेलं तशी उगवतीच्या अंगाला काळ्या खडकात एक तिरपी पट्टी उघडी पडली. हातभर रुंद, तांबूस-पांढरी, हाताला साबणासारखी लागते. आणि तिच्यापाशी पाण्यावर रंगीत साय धरते, निळी-जांभळी, मोराच्या मानेसारखी. भावजींनी ती बघितली आणि वाटेनं ओरडत घरी आले. म्हणाले की वहिनी, सूर्यभान सांगत हुता ती भेग हीच, आन् वर आलंय ते राकेल हाय. त्या दिवसापासून त्यांचं रस्त्यावर खडी फोडायला जाणं सुटलं. दिवसभर विहिरीच्या काठावर बसतात. म्हणतात की सरकार मशीन आणील, वस्तीवरची पोरं सूर्यभानसारखी पँट घालून कामाला जातील, कुणाला कोयता घेऊन हिंडायला नको. भिमाजी सुरुंगवाल्याला सांगून ठेवलंय. माघाच्या पुनवेला ती पट्टी बार लावून उडवायची, म्हणजे तेलाचं तोंड मोकळं होईल.

मला तेल नको. दिव्यापुरतं राकेल खर्ड्याहून येतं तेवढं पुरे. मला एवढंच दिसतं की पाणी त्या पट्टीला पाठ लावून उभं आहे. पट्टी गेली तर ते राहील का जाईल? अर्धी विहीर त्यांची, मी नुसतं नको म्हणून भागत नाही. तिकडची गोड आमटी खाऊन तुझी अक्कल पातळ झाली नसेल तर पुनवेच्या आत एका शब्दात लिही. राहील का जाईल.

तुझी (रागावलेली),
गोजराक्का

---

तेलविहिरीचा तळ, अंकलेश्वराजवळ, जि. भडोच
२० जानेवारी १९७३

तीर्थरूप आक्कास, सूर्यभानचा शिरसाष्टांग नमस्कार, वि. वि.

तुझं पत्र पोचलं. तिळगूळ नव्हता, पण ओळी वाचून दात आंबले. मी खुशाल आहे, हे तू विचारलं नाहीस तरी कळवतो.

आक्का, मी दिवाळीला खोटं बोललो नाही. बोलणं पुरं होईतोवर यष्टी थांबली असती तर हा घोळ झाला नसता. आता पुढचं ऐक. परातीत भाकरीची चवड ठेवलीय असं समज. एक भाकरी वाळूची, एक चिकणमातीची, अशा आळीपाळीनं. ती चवड विळ्यानं मधोमध कापली आणि एक अर्धी खाली सरकली. आता इकडची वाळूची भाकरी तिकडच्या कुठल्या भाकरीसमोर आली, त्यावर सगळं आहे. तेल वाळूत मुरून वर चढत असतं. समोर चिकणमाती आली तर ते तिथंच अडतं, साठतं. समोर वाळूच आली तर आरपार निघून जातं. आणि कापाची चीरच मोकळी राहिली, तर तेल इकडंही नाही, तिकडंही नाही, चिरेतून वर चढून कधीच वाऱ्यावर गेलेलं असतं. म्हणजे भेग कधी भिंत असते, कधी मोरी असते. दिवाळीला मी भिंत सांगितली, मोरी सांगायची राहिली.

इथं माझं काम म्हणजे मशीन खालून जो चिखल वर आणतं त्यातले दगडाचे बारीक तुकडे धुवायचे, वाळवायचे, किती खोलीचे ते चिठ्ठीवर लिहून पिशवीत भरायचे आणि भूगर्भवाल्या साहेबांपुढं ठेवायचे. गेल्या साली एका भेगेच्या अलीकडं तेल लागलं. भेगेच्या पलीकडं दुसरी विहीर पाडली, तर नुसतं खारं पाणी. तिसरीच्या वाळूला तेलाचा वास येत होता, पण तेल टिपूस नाही. साहेब म्हणाले की डबा रिकामा झालाय, वास तेवढा राहिलाय. भेग कधी काळी उघडली आणि सगळं घेऊन गेली.

आता तुझ्या विहिरीचं. तिथं जो काळा पाषाण आहे ना, तोच आमच्याकडं सगळ्या थरांच्या खाली, तळाला लागतो. तो लागला की साहेब मशीन थांबवतात. तू त्या तळावरच चूल मांडून बसलीयस. त्यात कसलं तेल? साय बघायची तर काठीनं तिला डिवच. तेल असेल तर फाटून लगेच परत एक होईल. पापडासारखे तुकडे पडले तर ते लोखंडाच्या गंजाचं आणि कुजक्या पानांचं, तेल नव्हे.

राहील का जाईल ते मात्र मला इथून सांगवत नाही. आमचे साहेबसुद्धा भोक पाडल्याशिवाय छातीठोक बोलत नाहीत. भावजींवर फार तापू नकोस. दाजींना पत्र गेलं तर माझा नमस्कार. माया आटू देऊ नकोस, पाण्याचं बघू.

तुझा,
सूर्यभान

---

ढाकेवस्ती
२९ जानेवारी १९७३

चि. सूर्यभान यास आशीर्वाद.

मी एक शब्द मागितला, तू भाकरीची चवड पाठवलीस. इथं परातीत एकच भाकरी आहे आणि तीही रेशनच्या लाल मिलो ज्वारीची. असो. तिसरी शिकलेल्या बाईनं ते पत्र दोनदा वाचलं, एवढं तुझ्या मॅट्रिकला पुरे.

काठी मारली. पापड मोडावा तसे तुकडे झाले. लंकाला हाक मारून दाखवलं, मग भावजींना. भावजींनी काठी घेऊन स्वतः दोनदा डिवचलं. मला वाटलं, सुटले. पण दुसऱ्या दिवशी भाकरी खाता खाता म्हणाले की वरची साय खोटी असंल, पर भेग तर खरी हाय. तेल पट्टीच्या पल्याड कोंडलंय, म्हणून तर ते आपल्याला दिसत न्हाई. मग मी काळ्या पाषाणाचं सांगितलं. तर म्हणाले की गुजरातेत तो तळाला आन् आपल्याकडं वर, म्हंजी आपलं तेल त्याच्या बी खाली.  तुझ्याकडं ह्याचं उत्तर आहे का?

सूर्या, माणूस वेडा नाही रे. उन्हाळभर खडी फोडून हाताची सालं निघालीत. एवढ्या काळ्या दगडाच्या खाली आपल्यासाठी काहीतरी ठेवलेलं असावं, एवढंच त्यांना वाटतं. त्यांच्यावर रागावते आणि ते झोपले की त्यांच्या तळहाताला लंकाकडून तेल लावून घेते. खोबऱ्याचं. तेवढंच तेल आहे आमच्या वस्तीत.

मला झोप नाही. रहाटाचा आवाज आला की वाटतं दोर जास्तच सुटतोय. घागर वर आली की आधी तिच्यात डोकावते. पुनव जवळ आली. भेग न फोडता ती भिंत आहे का मोरी हे बघायची काही तऱ्हा असेल तर तुझ्या साहेबाला विचार. त्याला चहा पाज, पाया पड, काही कर. चवड, विळा, परात काही नको. काय करायचं तेवढं लिही.

तुझी,
गोजराक्का

---

तळावरून
६ फेब्रुवारी १९७३

तीर्थरूप आक्कास शिरसाष्टांग नमस्कार, वि. वि.

भावजींचा पाषाणाखालच्या तेलाचा मुद्दा मला खोडता आला नाही. साहेबांना सांगितला तर ते आधी खूप हसले, मग हसायचे थांबले. म्हणाले की त्या काळ्या दगडाखाली काय आहे हे खरोखरच कुणी नीट पाहिलेलं नाही. पण जे काही असेल ते इतकं खोल असेल की विहिरीतल्या सुरुंगानं तिथवर पोचणं म्हणजे सुईनं डोंगर खणणं. हे भावजींना सांग. मात्र पहिला अर्धाच भाग सांगून थांबू नकोस, मी थांबलो त्याची फळं बघतेयस.

तऱ्हा आहे. आम्ही इथं भेगेच्या दोन्ही बाजूंच्या विहिरींत खालून येणारा जोर मोजतो. दोन्हीकडं सारखा असला तर भेगेतून ये-जा आहे, मोरी. वेगवेगळा असला तर भेग बंद आहे, भिंत. पाण्याचंही तसंच. पट्टी कोणत्या अंगानं जाते ते जमिनीवर बघ. मग वरच्या अंगाच्या आणि खालच्या अंगाच्या विहिरींत दगड बांधलेली दोरी सोड आणि पाणी कितीवर लागतं ते गाठी मारून ठेव. जमिनीचा उतार ध्यानात घे. वरच्या बाजूला पाणी उंच आणि पट्टी ओलांडताच एकदम खोल किंवा कोरडं, असं झालं तर ती भिंत. मग तिला हात लावायचा नाही.

साहेब म्हणाले की पट्टीची चिकणमातीही त्याचीच खूण वाटते. दोन खडक एकमेकांवर घासत सरकले की जात्यासारखं मधे पीठ पडतं. ते पीठ पाणी लागून घट्ट बसतं आणि पाणी अडवतं. पीठ काढलं की जातं उघडं.

इथं गेल्या आठवड्यात मशीनचा चिखल फसफसून वर आला. खालून वायू येत होता. भोंगा झाला, सगळे पळाले. आम्ही जड चिखल ओतून दाबला. मला काही झालं नाही. तुला कळवणार नव्हतो, पण तू म्हणशील अर्धं सांगतो.

तुझा,
सूर्यभान

---

ढाकेवस्ती
१८ फेब्रुवारी १९७३

चि. सूर्यभान यास उदंड आयुष्याचा आशीर्वाद. या खेपेला मनापासून, कारण भोंग्याचं वाचून आधी देवापुढं दिवा लावून आले. पळायचं असतं तेव्हा पिशवी उचलत बसू नकोस, यष्टी पकडताना पळतोस तसा पळ.

भिमाजी रस्त्याच्या कामावर अडकला म्हणून पुनव टळली. तेवढ्यात मी तुझी तऱ्हा केली, आणि करून पस्तावले. ऐक.

मनकर्णाला बरोबर घेतलं. दोरी, दगड, गाठी, सगळं तू सांगितलंस तसं. आमच्या अंगाच्या तिन्ही विहिरींत पाणी उंच लागलं, कुठं तळाशी वीतभरच, कुठं जास्त, पण पातळी एका मापात. पट्टीचं अंग धरून बांध ओलांडला आणि छगन व्याह्यांच्या विहिरीत दोरी सोडली. दगड खडकावर वाजला. त्याच्या पुढच्या विहिरीतही तेच. आमच्यापासून हाकेच्या अंतरावर, आणि तळ कोरडा ठणठणीत. भिंत आहे, सूर्या. चांगली पक्की भिंत आहे.

मला इतका आनंद झाला की मी काठावर उभी राहून मोठ्यानं बोलून गेले की बघा, ही पट्टी पाणी अडवतीय, म्हणून आमच्याकडं हाय. ते छगन व्याह्यांनी ऐकलं. मनकर्णाचे सासरे, तुला ठाऊक आहेत, कमी बोलतात. त्यांनी पागोटं काढून हातात घेतलं आणि म्हणाले की इहीणबाई, म्हंजी आमच्या वाटंचं पाणी तुमच्या विहिरीनं धरून ठिवलंय, आन् आमची सून तेच पाणी चोरून डोईवर आणतीय. मनकर्णा लेकराला घेऊन रडत घरात गेली.

दुसऱ्या दिवशी खालची सगळी वस्ती आली. भांडायला नाही आली, तेच वाईट. बायांनी रिकाम्या घागरी काठावर ठेवल्या आणि उभ्या राहिल्या. ते म्हणतात की भिंत फोडली की पाणी दोन्हीकडं सारखं होईल, तुमाला थोडं कमी, आमाला थोडं जास्त. भावजींना तर हवंच होतं. त्यांना पलीकडं तेल पाहिजे, ह्यांना अलीकडचं पाणी पाहिजे, आणि दोघांना त्याच एका पट्टीला बार लावायचाय. भिमाजी मोकळा झाला की लगेच.

आता मी नको म्हटलं तर मी आपमतलबी. माझीच लेक तिकडं तहानेली आहे. मी व्हय म्हटलं आणि पाणी दोन्हीकडूनही गेलं तर? तू लिहिलंस की भेग उघडली तर तेल शेजारी जात नाही, पार वाऱ्यावर जातं. पाणी शेजारी जाऊन थांबेल का, का तसंच पुढं जाईल? खाली आणखी एखादी भिंत असेल का, जी त्याला धरील? हे मला ओट्यावर उभं राहून सांगता आलं पाहिजे. तिकडच्या डब्याचा वास मला नको. लवकर लिही.

तुझी,
गोजराक्का

---

तळावरून
२४ फेब्रुवारी १९७३

तीर्थरूप आक्कास नमस्कार.

घाईत लिहितोय, टपालाची गाडी उभी आहे. साहेबांना विचारलं. त्यांचं म्हणणं, पट्टीच्या पलीकडचा खडक जर खाली नाल्यापर्यंत भेगाळलेला असेल, तर पाणी छगन व्याह्यांच्या विहिरीशेजारून जाईल पण थांबणार नाही. पुढं दुसरी भिंत असेल तरच थांबेल. ते ओळखायची इथून एकच युक्ती. दुसरी भिंत असली तर तिच्या वरच्या अंगाला जमिनीत ओल टिकते. एवढ्या दुष्काळातही एखादी हिरवी रेघ, करंजाची, निरगुडीची, हरळीची, आडवी गेलेली दिसेल. खालच्या वस्तीपासून नाल्यापर्यंत चालत जा आणि बघ. रेघ दिसली तर आशा आहे. नाही दिसली तर फोडू देऊ नकोस.

आणि भिमाजीला सांग की सुरुंग परत घेता येत नाही. आमच्याकडं एवढी मशीनं, एवढं सिमेंट, तरी एकदा गळायला लागलेली भेग बुजवताना साहेबांच्या तोंडचं पाणी पळतं.

रजा मागितली होती. मशीन ऐन खोलीवर आहे, कुणालाच सोडत नाहीत. परत मागेन. तू एकटी आहेस हे मला कळतं.

तुझा,
सूर्यभान

---

ढाकेवस्ती
५ मार्च १९७३

चि. सूर्यभान यास आशीर्वाद.

तुझं पत्र हातात पडलं तेव्हा भिमाजी विहिरीत उतरलेला होता. पोस्टमन वाटेत भेटला म्हणून काठावरच वाचलं. नाल्याकडं मी आधीच जाऊन आले होते, गुरं कुठं चरतात ते बघायला. आडवी सोड, उभीसुद्धा हिरवी रेघ नाही. नाल्यापर्यंत भुई भाजून निघालीय. भिमाजीला वरून ओरडून सांगितलं की थांब. तो म्हणाला की बाई, माझं काम भोकं पाडायचं, भांडण तुमचं तुमी मिटवा. आणि पहार मारत राहिला.

मी उतरले. लुगडं खोचलं आणि पायऱ्यांवरून त्याच्याजवळ गेले. तोवर वरची दोन भोकं झाली होती. तिसरं पाण्याच्या रेघेच्या हातभर खाली पाडत होता. ते पट्टीतून पार गेलं तेव्हा पहार एकदम हलकी झाली आणि त्याच्या हातून सुटता सुटता राहिली. त्यानं ती ओढून घेतली. मग आम्ही दोघांनी जे ऐकलं ते मी कधी विसरणार नाही. पाणी त्या भोकात जायला लागलं. माणूस तांब्यानं पाणी पितो तसा आवाज. गट, गट, गट. भोवती लहानसा भोवरा, आणि ती रंगीत साय त्यात गोल फिरून आत गेली.

भिमाजी काळा ठिक्कर पडला. वरून भावजींनी विचारलं की काय झालं, तेल लागलं का.  काठावर उभे छगन व्याही मात्र समजले. ते आपल्या विहिरीकडं पळत गेले. आमच्या विहिरीतून पाणी जातंय म्हणजे त्यांच्याकडं यायला पाहिजे. सगळी खालची वस्ती त्यांच्या काठावर वाकून उभी राहिली. मनकर्णाही होती.

थेंब आला नाही, सूर्या. दुपार झाली, उन्हं कलली. आमची एक पायरी उघडी पडली आणि त्यांचा तळ तसाच कोरडा. गेलं कुठं ते पाणी? तुझ्या वाळूला निदान वास तरी राहिला होता.

मग मी चिकणमाती मळली, जुन्या लुगड्याचा पदर फाडून तिच्यात घातला आणि तो बोळा भोकात ठोकला. लंका माती मळून देत होती. भावजी शेवटी खाली आले आणि बोळ्यावर हात दाबून उभे राहिले. बराच वेळ. हात काढला नाही. गटगट थांबली. अजून पाझर आहे. सकाळी पाण्याची रेघ बोटभर खाली गेलेली असते. तो पाझर वाढेल का, बोळा किती दिवस धरील, हेही मला तूच सांगायचंस.

सांजेला सगळे आमच्या ओट्यावर जमले. मी सांगितलं की माझ्या पाळीचे दोन दिवस आजपासून खालच्या वस्तीचे. लंकानं भावजींना न विचारता तिच्या पाळीचा एक दिवस दिला.  बाया समजल्या. पण पुरुष नाही समजले. छगन व्याही म्हणाले की इहीणबाई, तुमचं मन मोठं हाय, पर पाडव्याला तुमचं मालक आले आन् पाळी न्हाई म्हणाले तर आमी कुणाकडं जायाचं? आणि ते म्हणाले की एका भोकातून पानी कुठं बी मुरतं, अख्खी भिंत उडवली तर यील.  वरची दोन भोकं तशीच आहेत, कोरडी, बार भरायला तयार. व्याह्यांनी एवढंच कबूल केलं की होळीपर्यंत हात लावणार नाही. ज्यानं हे बोलणं सुरू केलं त्यानं येऊन ते पुरं करावं. त्यानं आमच्या तोंडावर सांगितलं की पानी ऱ्हात न्हाई, तर आमी पाळीवर भागवू. तो आला न्हाई तर धुळवडीला बार.

तुझ्या दाजींना मी निरोप धाडलाय की दोन दिवस खालच्या वस्तीचे, आणि हे विचारत नाही, कळवतेय. ते काय म्हणतील ते मी बघून घेईन. त्यांच्यापुढं बोलायला मला कुणी नको. पण भेगेचं मी बोलले तर ते माझ्या सोयीचं दिसतं, विहीर माझी म्हणून. तुझी इथं विहीर नाही, शेत नाही. म्हणून तूच पाहिजेस.

रजा मिळत नाही हे मला लिहू नकोस. तुझ्या साहेबाला हे पत्र वाचून दाखव. त्याला विचार की एका खोलीवरचं मशीन आठ दिवस थांबलं तर त्याच्या पोटातलं तेल कुठं पळून जाणार आहे. इथलं पाणी मात्र पळून जाईल.

होळीच्या सांजेच्या आत मला तू ओट्यावर पाहिजेस. येणार का नाही, त्याचं उत्तर तारेनं दोन दिवस आधी, एका शब्दात. या खेपेला खरोखर एकाच शब्दात. आलास की जिथं बसला होतास तिथंच बस आणि राहिलेलं अर्धं सांग. आणि फाट्यावर यष्टीचा हॉर्न वाजला तरी उठायचं नाही.

वाट बघणारी,
गोजराक्का